पाणी कितव्या पायरीपर्यंत?

जून उजाडला की आपल्या बेळगावात काही गोष्टी ठरलेल्या असतात. शाळा सुरू झालेल्या असतात, छत्री दुरुस्तीवाल्याच्या पुढ्यात ढीग पडलेला असतो आणि घरातलं कुणीतरी खिडकीशी उभं राहून म्हणत असतं, ‘यंदा पाऊस लवकर दिसतो.’ ह्याच 1 जूनला तिकडे अमेरिकेत, ह्यूस्टनला, माझ्या लेकीच्या गावी आणखी एक गोष्ट सुरू होते. तिला म्हणतात ‘हरिकेन सीझन’. 1 जून ते 30 नोव्हेंबर. वादळानं कॅलेंडर बघून यावं असा काही नियम नाही, पण माणसांना तयारीला लागायला एक तारीख लागते, म्हणून ती ठरवून टाकलेली.

परवा तिचा फोन आला. “आई, आमचा सीझन सुरू झाला गं.”

“यादी लावलीस?”

ती हसली. ह्या हसण्यामागची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. त्यासाठी 2024 च्या जून-जुलैत जावं लागेल.

आमचं घर दोन भाषांचं, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. माझं माहेर मराठी, सासर कन्नड. समुद्रातल्या ह्या वादळाला आमच्याकडे येणारा मराठी पेपर ‘चक्रीवादळ’ म्हणतो आणि कन्नड पेपर ‘चंडमारुत’. अटलांटिकमध्ये उठलं की तेच ‘हरिकेन’, चीन-जपानच्या बाजूला ‘टायफून’. जात एकच, समुद्र वेगळे. पण मला जास्त नवल वाटतं ते दुसऱ्याच एका जोडीचं. वेधशाळा देते त्याला आपण मराठीत ‘इशारा’ म्हणतो. इशारा डोळ्यानंही करता येतो. समोरच्यानं बघितला तर बघितला. कन्नडमध्ये त्यालाच ‘एच्चरिके’ म्हणतात, आणि ‘एच्चर’ म्हणजे जागं असणं. एका भाषेत सांगणाऱ्याचं काम संपतं, दुसरीत ऐकणाऱ्याचं सुरू होतं. त्या वर्षी ह्यूस्टनच्या घरात दोन्ही भाषा जाणणारी आम्ही पाच माणसं होतो. आणि पाचहीजण झोपलेले होतो.

आम्ही दोघं मे अखेरीस पोहोचलो. त्याआधी पंधरवड्यापूर्वी, 16 मे 2024 ला, ह्यूस्टनवरून वाऱ्याचं एक मोठं वादळ गेलं होतं. ते हरिकेन नव्हतं, सीझनही सुरू झाला नव्हता. तरी गावातल्या उंच इमारतींच्या काचा फुटून तिथं लाकडी फळ्या मारलेल्या दिसत होत्या. लेक म्हणाली, “चला, ह्या वर्षाचं होऊन गेलं!” आपण नाही का म्हणत, एकदा सर्दी झाली की हंगामभर सुटका.

1 जूनला टीव्हीवर जिकडेतिकडे आकडे सुरू झाले. अमेरिकेची ‘नोआ’ नावाची सरकारी संस्था आहे, हवामान आणि समुद्र दोन्ही बघणारी. ती मे महिन्यात सबंध मोसमाचा अंदाज जाहीर करते. वाऱ्याचा वेग ताशी 63 किलोमीटरला पोहोचला की वादळाला नाव मिळतं, 119 ला पोहोचला की ते हरिकेन होतं. 2024 साठी अंदाज होता : नाव मिळणारी वादळं 17 ते 25, त्यांतली हरिकेन 8 ते 13, आणि त्यांतली मोठी 4 ते 7. मे महिन्यातल्या अंदाजात ह्या संस्थेनं एवढा मोठा आकडा त्याआधी कधीच दिला नव्हता.

कारणं दोन सांगत होते. एक तर अटलांटिकचं पाणी विक्रमी तापलेलं. दुसरं, प्रशांत महासागरातला ‘एल निनो’ संपून ‘ला निना’ येण्याची चिन्हं. हे नाव ऐकून मी कान टवकारले. एल निनो म्हटलं की आपल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण बऱ्याचदा तो आपला पाऊस पळवतो. पण तोच एल निनो अटलांटिकवर उंचावरचे वारे असे वाहवतो, की तिथल्या वादळांचे शेंडे कापले जातात आणि ती उभी राहू शकत नाहीत. ला निनाचं बरोबर उलट. म्हणजे आपल्याकडे चांगला पाऊस व्हावा म्हणून आपण जिची वाट बघतो, ती माझ्या लेकीच्या दारात वादळं आणून सोडते. देवाकडे मागायचं तरी काय?

आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. आकडा दिसला की वहीत उतरवायची सवय. तो अंदाज त्यांनी उतरवून ठेवला आणि मोसम संपल्यावर बेळगावहून जावयांना फोन केला, “अंदाज बरोबर आला हं. अठरा नावं, अकरा हरिकेन, पाच मोठी!” जावई हुबळीचे. ते शांतपणे म्हणाले, “मावा, आमचं कुंपण अजून पडलेलंच आहे.”

जावयांच्या ह्या एका वाक्यात मोसमाच्या अंदाजाची सगळी गोम आहे. किती येतील ते कळतं. कुठं येतील, कुणाच्या दारात येतील, ते मे महिन्यात कुणालाच सांगता येत नाही. 1992 साल वादळांच्या बाबतीत अगदी सुस्त होतं. वर्षातलं पहिलं नाव द्यायलाच ऑगस्ट उजाडला. ते नाव होतं ‘अँड्र्यू’, आणि 24 ऑगस्टला त्यानं दक्षिण फ्लोरिडातलं होमस्टेड हे गाव भुईसपाट केलं. होमस्टेडच्या माणसाला ‘यंदा वादळं कमी होती’ असं सांगून बघा. 2025 मध्येही तसंच. अमेरिकेच्या किनाऱ्यावर एकही हरिकेन चढलं नाही, लेक म्हणाली वर्ष बरं गेलं. आणि 28 ऑक्टोबरला ‘मेलिसा’ वरच्यात वरच्या, म्हणजे पाचव्या श्रेणीत जमैकावर गेलं.

असो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आम्हाला गॅल्व्हेस्टन दाखवायला नेलं. ह्यूस्टनहून तासाभरावरचं बेट. तिथं समुद्राला लागून मैलोगणती भिंत आहे. तिच्यावरून चालताना नात सांगत होती आणि मी ऐकत होते. 8 सप्टेंबर 1900 ला ह्या बेटावरून समुद्र गेला. बेटाची सर्वांत उंच जागा नऊ फूटसुद्धा नव्हती आणि पाणी आलं पंधरा फुटांवर. किमान सहा हजार, कुणी म्हणतं आठ, कुणी बारा हजार माणसं गेली. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक संकटात एवढी माणसं दुसऱ्या कुठल्याही दिवशी गेलेली नाहीत.

वाईट वाटतं ते पुढचं ऐकून. हवाना इथल्या वेधशाळेतले पाद्री लोक वादळांचे जाणकार होते. वादळ क्युबावरून गेलं तेव्हा ते टेक्ससच्या दिशेनं जाणार असं त्यांचं मत होतं. पण वॉशिंग्टनच्या हवामान खात्याला त्यांची मतं नकोच होती. क्युबातून वादळाच्या अंदाजाच्या तारा पाठवायलाच त्यांनी बंदी घातली होती. खात्याचं म्हणणं, वादळ फ्लोरिडाकडे वळणार. आणि गॅल्व्हेस्टनला खात्याचा जो माणूस होता, आयझॅक क्लाइन, त्यानं नऊ वर्षांपूर्वी तिथल्या वर्तमानपत्रात लिहिलं होतं की ह्या बेटाला वादळापासून मोठा धोका आहे असं समजणं हा निव्वळ भ्रम आहे. त्या रात्री त्याची गरोदर बायको गेली. भिंत त्यानंतर बांधली.

भिंतीवर उभं राहून आमचे हे म्हणाले, “तेव्हा उपग्रह नव्हते. आता सगळं आधी कळतं.” मीही मान डोलावली.

सगळं आधी कळतं, हे खरंच आहे. 28 जूनला अटलांटिकच्या मध्यावर ‘बेरिल’ नावाचं वादळ झालं. 1 जुलैला ते ग्रेनाडा देशातल्या कॅरियाकू बेटावरून गेलं आणि तिथं क्वचितच एखादं छप्पर राहिलं. 2 जुलैला ते पाचव्या श्रेणीत पोहोचलं. नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर, जुलैच्या दुसऱ्या तारखेला, अटलांटिकमध्ये असं कधी झालं नव्हतं. टीव्हीवर दर सहा तासांनी नवं पत्रक येई : पहाटे चार, सकाळी दहा, दुपारी चार, रात्री दहा. औषधाच्या वेळा असाव्यात तशा. आणि त्यासोबत एक नकाशा. वादळ आत्ता आहे तिथून निघून पुढे रुंद होत जाणारा पांढरा शंकू, आइस्क्रीमच्या कोनासारखा.

हा शंकू मला तेव्हा कळला नाही, नंतर कळला. शंकू म्हणजे वादळ एवढं मोठं होत जाणार असा त्याचा अर्थ नाही. वादळाचा मध्यबिंदू कुठून कुठं जाऊ शकेल, त्याची ती जागा. मागच्या पाच वर्षांत आपले अंदाज किती चुकले, ते बघून तिची रुंदी ठरवतात. आणि ती अशी ठरवतात की तीनपैकी दोन वेळा मध्यबिंदू त्यात सापडेल. म्हणजे तीनपैकी एकदा तो शंकूबाहेर जाणार, हे त्यांनीच गृहीत धरलेलं. शिवाय वादळाचा घेर दोन-चारशे किलोमीटरचा असू शकतो, तो त्या शंकूत दाखवलेलाच नसतो. पण आपण काय करतो? आपलं गाव शंकूत आहे की नाही तेवढं बघतो. 4 जुलैला शंकू मेक्सिको आणि टेक्ससच्या दक्षिण टोकाकडे होता. ह्यूस्टन बाहेर. 4 जुलै म्हणजे त्यांचा स्वातंत्र्यदिन, गुरुवार. पुढं शुक्रवार, शनिवार, रविवार. सगळं गाव सुट्टीच्या रंगात.

मी जावयांना म्हटलं, “पाणी-बिणी भरून ठेवायचं का?”

ते म्हणाले, “अंजब्याडरी अत्ती. एनू आगंगिल्ल.”

‘घाबरू नका, काही होत नाही.’ वाचकहो, हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ह्या भाषेत ऐकते आहे आणि त्याआधी माहेरी मराठीतून ऐकत होते. गॅसची नळी जुनी झाली, काही होत नाही. रेल्वे फाटक पडतंय, काही होत नाही. दोन्ही भाषांत ते इतकं गोड वाटतं की त्याला उत्तर सुचत नाही.

जावयांना नुसता दोष देण्यातही अर्थ नाही. त्यांच्या ऑफिसातले जुने लोक 2005 ची गोष्ट सांगत. कतरिना वादळ येऊन तीन आठवडे झाले होते, सगळे धसकलेले. त्यात ‘रिटा’ ह्यूस्टनवर येणार अशी बातमी. पंचवीस लाखांच्या आसपास माणसं गाड्या काढून एकदम बाहेर पडली. शंभर मैलांचा रस्ता, अख्खा दिवस संपला तरी संपेना. उन्हात गाड्या बंद पडल्या, पेट्रोल संपलं. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना घेऊन चाललेली बस डॅलसजवळ पेटली, त्यात 23 जण गेले. त्या पळापळीत शंभराच्या आसपास माणसं मेली, आणि रिटा ऐनवेळी वळून लुइझियानाच्या हद्दीवर गेलं. हे ज्यानं भोगलं तो पुढच्या वेळी बॅग भरताना दहादा विचार करणारच. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण पोरांना सांगतो ती खोटं बोलणाऱ्या पोराची म्हणून. इथं ओरडणारा खोटारडा नव्हता. लांडगा खरंच होता, फक्त शेजारच्या रानात शिरला.

तर शुक्रवारी बेरिल मेक्सिकोच्या टुलुमवरून गेलं, अशक्त झालं, पुन्हा समुद्रात आलं. शंकू दर पत्रकागणिक थोडा थोडा वर सरकू लागला, आमच्या बाजूला. टेक्ससच्या किनाऱ्याला ‘वॉच’ लागला. त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. ‘वॉच’ म्हणजे तसे वारे येऊ शकतात, साधारण 48 तास हाताशी. ‘वॉर्निंग’ म्हणजे येणारच असं धरून चला, 36 तास. शनिवारी आम्ही घरी सत्यनारायण केला. ठरलेला होता. प्रसादाचा शिरा झाला, वीस माणसं जेवली, कुणीतरी म्हणालं आता ते फार तर पहिल्या श्रेणीचं आहे. पाचातलं पहिलं! सगळ्यांना बरं वाटलं. ही श्रेणी फक्त वाऱ्याच्या वेगाची असते, पावसाची आणि समुद्राच्या पाण्याची नसते. त्या देशात ह्या वादळांत थेट गेलेल्या माणसांपैकी दहातली नऊ पाण्यानं गेलेली आहेत, हे त्या वीस शिकलेल्या माणसांत कुणाला ठाऊक होतं कोण जाणे.

रविवारी दुपारी टीव्हीवरच्या माणसाचा सूर बदलला. जावई गाडी काढून दुकानात गेले आणि पाऊण तासानं रिकाम्या हातांनी आले. पाण्याच्या बाटल्या नाहीत, टॉर्चचे सेल नाहीत, बर्फ नाही.

सोमवार 8 जुलै. पहाटे चारच्या सुमारास बेरिल माटागोर्डा इथं किनाऱ्याला लागलं आणि आमच्याकडे पोहोचेतो उजाडायला आलं होतं. आपल्या वळवाचा वारा येतो आणि जातो. हा जातच नव्हता. एकाच सुरात तासन्‌तास. मेमधल्या वाऱ्यानं खिळखिळी झालेली झाडं एकेक करून पडत होती. झाड पडल्याचा आवाज आधी पायांना कळतो आणि मग कानाला. परसातला ओक कुंपणावर आडवा झाला. थोडा इकडे झाला असता तर नातीची खोली होती. पंखा थांबला, फ्रिजचा घुमघुमाट थांबला. दिवे गेले.

दुपारपर्यंत वारा गेला, ऊन पडलं. जावई म्हणाले, “बघा, झालं!”

तर तिथून सुरू झालं. त्या भागात वीस लाखांहून जास्त घरा-दुकानांची वीज गेली होती. कुठं आहे, कुठं नाही, कधी येणार, सांगणारा वीज कंपनीचा नकाशाच चालू नव्हता. लोकांनी शोधून काढलेला मार्ग ऐकाल तर हसाल. बर्गरच्या दुकानांची एक साखळी आहे, तिच्या मोबाइल अ‍ॅपवर कुठलं दुकान उघडं आणि कुठलं बंद ते दिसतं. ज्या भागातलं दुकान उघडं, त्या भागात वीज आली! अख्ख्या शहरानं बर्गरवाल्याच्या नकाशावर दिवस काढले.

मला हसू आलं नाही, कारण आमच्या ह्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं. तीन महिन्यांचं, बेळगावहून नेलेलं. चालू पेन महिनाभर बाहेर राहतं, पण तीस अंशाच्या आतल्या खोलीत. मंगळवारी दुपारी भिंतीवरचा काटा तेहतिसावर होता. फ्रिजमधला बर्फ वितळलेला. ती घरं गारव्याच्या यंत्रांवर बेतलेली, आपल्या जुन्या वाड्यांसारखी हवा खेळत नाही. हे अंथरुणावर पडून होते, घामानं भिजलेले, आणि म्हणत होते, “काही होत नाही.” त्या एका क्षणी मला ते वाक्य कानफटात मारावंसं वाटलं. त्या आठवड्यात त्या शहरात नुसत्या उकाड्यानं माणसं दगावली, हे नंतर पेपरात वाचलं.

पलीकडच्या घरात एक म्हातारी एकटी राहते. सत्तरी ओलांडलेली. येता-जाता हात हलवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. मंगळवारी संध्याकाळी ती स्वतःच कुंपणाच्या पडक्या बाजूनं आली आणि नातीला विचारलं, तुझ्या आजोबांचं कुठलं औषध गार ठेवायचं आहे का? तिच्याकडे छोटा जनरेटर होता. तोही घरापासून चांगला लांब, अंगणाच्या टोकाला ठेवलेला. त्याच्या धुरानं बंद घरात माणसं झोपेतच जातात, हे तिनंच सांगितलं. ह्यांची पेनं तिच्या फ्रिजमध्ये गेली. आमची वीज शनिवारी आली. तोपर्यंत मी दिवसातून तीनदा तिच्या स्वयंपाकघरात.

तिच्या फ्रिजच्या दारावर एक कागद होता. जुना, चिकटपट्टीनं जोडलेला. दोन रकाने. एकावर ‘वॉच लागला की’, दुसऱ्यावर ‘वॉर्निंग लागली की’. पहिल्या रकान्यात : गाडीत पेट्रोल. रोख पैसे. दोन आठवड्यांची औषधं. बाटल्यांत पाणी भरून फ्रीझरमध्ये गोठवणे. दुसऱ्यात : न्हाणीतला टब भरणे. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये. बहिणीला फोन. आणि शेवटी एक ओळ, ती नातीनं दोनदा वाचून मला सांगितली : माळ्यावर कुऱ्हाड.

“कुऱ्हाड कशाला?”

म्हातारी मूळची न्यू ऑर्लिन्सची. पाणी वाढत गेलं की माणसं माळ्यावर चढतात, म्हणाली, आणि माळ्याला बाहेर पडायची वाट नसते. छप्पर फोडायला कुऱ्हाड.

मग तिनं 28 ऑगस्ट 2005 चा रविवार सांगितला. कतरिना दुसऱ्या दिवशी येणार होतं. आदल्या दिवसापर्यंत ती आणि तिचा नवरा घर सोडणार नव्हते. श्रेणी, वेग, अंश-अक्षांश सगळं ऐकून झालं होतं. त्या सकाळी हवामान खात्याच्या स्लायडेल इथल्या कार्यालयातून एक पत्रक निघालं आणि रेडिओवर कुणीतरी ते वाचलं. त्यात आकडे कमी होते. घरं कशी पडतील ते होतं. चांगली बांधलेलीसुद्धा निम्मी घरं छप्पर आणि भिंती गमावतील. वीज आठवडे-आठवडे येणार नाही. हा भाग कित्येक आठवडे राहण्याजोगा उरणार नाही. प्यायच्या पाण्यावाचून माणसांचे हाल होतील, आजच्या काळात कल्पना करता येणार नाही असे. ते इतकं सरळ होतं की काही वृत्तवाहिन्यांना हे खरंच सरकारी पत्रक आहे की कुणाचा चावटपणा, अशी शंका आली. ते लिहिणारा रॉबर्ट रिक्स त्याच शहरातला. वाक्यांचा साचा खात्यानं आधीच करून ठेवला होता. त्या सकाळी त्यानं एकेक वाक्य तपासलं, ह्यातलं काही गाळता येईल का म्हणून, आणि त्याला एकही गाळता आलं नाही.

“विजेचं ऐकलं आणि नवऱ्याच्या ऑक्सिजनच्या यंत्राकडे बघितलं,” म्हातारी म्हणाली. “दोन वाजता आम्ही गाडीत होतो.” ती परत गेली नाही. ह्यूस्टनमध्येच राहिली. तिच्या गल्लीतल्या काहींनीही ते ऐकलं होतं, पण त्यांच्याकडे गाडी नव्हती. त्यांचं पुढं काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कतरिनानं हजारावर माणसं नेली.

बेळगावला परत आल्यावर हे मी माझ्या नणंदेला सांगितलं. ती गोकाकजवळ, घटप्रभेच्या काठच्या गावात दिलेली. ती म्हणाली, “वैनी, हे तर आमच्या मामांचंच बोलणं!”

ऑगस्ट 2019 चा पूर आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. हिडकल धरणातून पाणी सोडणार म्हणून त्यांच्या गावात रिक्षाला भोंगा लावून सांगत फिरत होते. पूर्वी डंगुर असे, आता भोंगा. एवढे हजार क्युसेक, तेवढे हजार क्युसेक. नणंदेचे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणत असू, तेव्हा ऐंशीचे. त्यांनी काठी आपटत रिक्षा थांबवली आणि आतल्या पोराला विचारलं, “क्युसेक इरली. गुडी एष्टने मेट्टलतनक बरतैति, अद हेळप्पा.” क्युसेक राहू दे, देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत येईल ते सांग. पोराला काय ठाऊक! त्याच्या हातात कागद होता, कागदावर आकडा होता. मामा घरी आले, जुनी वही काढली. मागच्या पुरांच्या वेळी सोडलेलं पाणी आणि चढलेल्या पायऱ्या त्यांनी लिहून ठेवल्या होत्या. वहीतला सगळ्यांत मोठा आकडा भोंग्यातल्या आकड्यापेक्षा लहान निघाला. तेव्हा त्यांनी म्हशी सोडायला सांगितल्या आणि पोराबाळांना घेऊन माळावरच्या शाळेत गेले. गल्लीतली आणखी काही घरं त्यांच्या मागोमाग गेली, ती भोंग्याचं ऐकून नव्हे, मामांच्या म्हशी निघाल्या ते बघून. पाणी नणंदेच्या देवघरापर्यंत आलं.

अमेरिकेनं हा पायरीचा प्रश्न उशिरा का होईना ऐकला. 2017 पासून तिथं समुद्राच्या पाण्याचा इशारा वाऱ्याहून वेगळा देतात आणि तो जमिनीपासून इतके फूट असा देतात. तुमच्या अंगणात उभं राहिलात तर कमरेपर्यंत की डोक्यावरून, ते कळावं म्हणून. आपल्याकडेही खातं आता रंग देतं : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. चांगली सोय आहे. पण आमच्या गल्लीत लाल रंगाचा अर्थ एकच : ‘डीसीनी उद्या शाळेला सुट्टी दिली काय?’ मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ आपल्याच समुद्रातून, कारवार आणि गोव्याच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. इशारे आधीपासून होते. तरी मुंबईजवळच्या समुद्रात अडीचशेवर कामगार असलेला एक तराफा राहिला आणि बुडाला. साठहून अधिक माणसं गेली. इशारा वेधशाळेतून निघाला होता. तो तराफ्यावरच्या माणसाच्या उठून जाण्यापर्यंत का पोहोचला नाही, हे विचारायला हवं होतं आणि हवं आहे.

आमच्याकडे आता कालनिर्णयच्या शेजारी एक कागद आहे. मी मराठीत लिहिला, ह्यांनी त्याखाली कन्नडमध्ये. पिवळा, केशरी, लाल असे तीन रकाने. त्यावरून आमचं एकदा भांडणही झालं, कारण ह्यांनी ‘केशरी’च्या रकान्यात पहिली ओळ लिहिली, ‘बँकेचं पासबुक’.

लेकीच्या फ्रिजवरही यादी आहे. म्हातारीच्या कागदावरून नातीनं उतरवून घेतलेली. कुऱ्हाड मात्र तिनं वगळली आहे, त्यांचं घर उंचावर आहे म्हणून. ह्या जूनला यादी नवी करताना लेक तिला म्हणाली, “अगं, ही पहिली ओळ काढून टाक आता, अज्जा तर बेळगावात आहे.”

“राहू दे,” नात म्हणाली. म्हणून ‘वॉच लागला की’च्या खाली, पेट्रोलच्याही आधी, अजून लिहिलेलं आहे : अज्जाचं इन्सुलिन पलीकडे नेऊन ठेवणे.